कुलगुरूंचा स्थिरांक

“...म्हणजे हे पत्र तुम्ही लिहिलेलं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला, सर?”

“मी तसंही म्हटलेलं नाही,” मुजावर सर म्हणाले.

कुलगुरू डॉ. मुकुंद तारळेकर खुर्चीत पुढे सरकले. मिरजेतल्या त्या छोट्या बैठकीच्या खोलीत येऊन त्यांना पाव तास झाला होता. एवढ्या वेळात सरांनी एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नव्हतं. पूर्वी हे त्यांना सरांचं मोठेपण वाटायचं. आज वाटत नव्हतं.

याच सरांनी त्यांना कॉलेजात गणिताचं वेड लावलं होतं. पुढे बंगलोर झालं, जर्मनी झाली. एकतिसाव्या वर्षी तारळेकरांनी फिरत्या गोलावरच्या द्रवाबद्दल एक प्रमेय मांडलं. असा द्रव कितीही काळ फिरत राहिला, तरी त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. त्या मर्यादेला जाणकार ‘तारळेकर मर्यादा’ म्हणू लागले. त्या नावानं त्यांना प्राध्यापक केलं, मग एका संस्थेचं संचालकपद दिलं आणि तीन वर्षांपूर्वी कुलगुरूंच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

खुर्चीत बसल्यावर गणित सुटलं. दुसरीच विद्या अंगात मुरली. बैठकीत कोण कुणाशेजारी बसलं, कुलसचिव कुणाचं नाव घेताना खाकरले, कुठली फाइल कुणाच्या टेबलावर दोन दिवस जास्त पडून राहिली... हे सगळं त्यांना न बघता दिसायचं. आजही गाडी त्यांनी दोन गल्ल्या अलीकडे उभी करायला लावली होती, आणि चालत येताना दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

त्यांनी पत्र सरांसमोर धरलं. एकच पान. खाली सही नाही.

“तारळेकर यांच्या सिद्धतेत तिसऱ्या पायरीवर जो स्थिरांक धरला आहे, तो स्थिर नाही. तो काळाबरोबर वाढतो. त्यामुळे प्रमेय टिकत नाही.”

एक प्रत कुलपतींच्या कार्यालयात गेली होती. पुढच्याच महिन्यात दिल्लीतल्या एका मोठ्या पदासाठी तारळेकरांच्या नावाचा विचार व्हायचा होता.

“मजकूर टाइप केलाय, सर. चिन्हं मात्र हातानं काढलीत. हा ग्रीक एप्सिलॉन बघा. लांब शेपूट, टोकाला वळण. हा तुमचा आहे.”

सरांनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला. उजव्यानं त्यांना आता दिसत नव्हतं.

“माझाच आहे. चाळीस वर्षं फळ्यावर काढला. असा एप्सिलॉन काढणारी हजारभर माणसं निघतील. तुम्हीही त्यातलेच.”

“त्यातली तिसरी पायरी समजणारी किती?”

“चार. फार तर पाच.”

“आणि त्यात तुम्ही एक.”

“हो.”

आतून सरांची सून शमीम चहा घेऊन आली. ती कप ठेवून आत जाईपर्यंत तारळेकर गप्प राहिले. गेल्यावरही पडद्यामागे बांगड्या वाजतात का, ते कान देऊन ऐकत राहिले.

“अकरा दिवस मी याच्या मागे आहे,” ते आवाज उतरवून म्हणाले. “नऊ जणांचं हस्ताक्षर मिळवलं. दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं. पाटणकरचं विभागप्रमुखपद काढून घेतलं.”

“पाटणकर... तुमच्याबरोबर जर्मनीत होता तो?”

“तोच. एका खोलीत राहिलो आम्ही दोन वर्षं.”

“त्यानं लिहिलं होतं?”

“माहीत नाही. पण विचारलं तेव्हा त्यानं नजर चुकवली.”

खिडकीबाहेर कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं. एकच स्वर, वर, खाली, पुन्हा वर...

“अकरा दिवस,” सर म्हणाले. “आणि आक्षेप बरोबर आहे का?”

“म्हणजे?”

“स्थिरांक वाढतो का?”

“सर, यामागचा हेतू उघड आहे. वेळ बघा ना कुठली साधलीय...”

“हेतू विचारला नाही मी, मुकुंदा. स्थिरांक विचारला.”

पत्र तारळेकरांनी चाळीस वेळा तरी वाचलं होतं. कागद उजेडात धरून पाहिला होता. पाकिटावरचा शिक्का भिंगाखाली घातला होता. ती ओळ मात्र एकदाही तपासली नव्हती.

सरांनी टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले. वर एक पेन्सिल ठेवली.

तारळेकर पेन्सिलीकडे पाहत राहिले. म्हातारा आपल्याकडूनच आपल्याविरुद्ध लिहून तर घेत नाही ना? हा कागद उद्या कुठे जाईल? आपण इथे येणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं का?

“तुमच्यासमोर करू?”

“माझी अडचण होत असेल तर आत जातो.”

“नको. बसा.” सर नजरेआड झालेले त्यांना परवडणार नव्हते.

पहिली पायरी लिहायलाच त्यांना बराच वेळ लागला. हात आखडला होता. खुणा आठवत होत्या, त्यांच्यामागची कारणं आठवत नव्हती. दुसऱ्या पायरीवर ते अडले, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग हळूहळू बोटं सैल झाली. चहावर साय धरली. ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं. खिशातला फोन तीनदा थरथरला आणि त्यांना तो जाणवलासुद्धा नाही. कितीतरी वर्षांत एवढा वेळ त्यांनी कुणावरही संशय घेतला नव्हता.

तिसऱ्या पायरीवर त्यांनी स्थिरांक उलगडला. आत काळ होता.

त्यांनी पुन्हा केलं. मग वेगळ्या वाटेनं केलं. तिन्ही वेळा काळ तिथेच.

पेन्सिल थांबली.

सरांनी खुर्ची ओढून जवळ घेतली. कागदावर इतके वाकले की नाक टेकेल. पहिल्या ओळीखाली बोट ठेवून ते वाचू लागले. बोट सावकाश खाली सरकत होतं, ओठ हलत होते. मध्येच एका जागी ते थांबले, मागे गेले, मान हलवून पुन्हा पुढे निघाले.

“वाढतो, सर,” तारळेकर म्हणाले.

“हं.”

“पाटणकरनं नजर चुकवली... त्याला माहीत असणार. पूर्वीपासूनच. आणि मी त्याला...”

“हं.” बोट खाली येत होतं.

“पत्र कुणी लिहिलं ते नका सांगू आता. पण हे... सर, यावर माझं सगळं उभं आहे. नाव, पद... माझ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. सगळं.”

सरांचं बोट थांबलं. पुढे तारळेकरांचा डावा पंजा कागदावर पसरलेला होता. तो तिथे कधी गेला, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

सर मान वर न करता म्हणाले, “हात काढ, मुकुंदा. पुढची ओळ दिसत नाही.”