वेलीवर राहिलेला भोपळा

भोपळ्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका वेलीवरचे सगळे दुधी भोपळे कोवळेपणीच भाजीला गेले. एकच पानांआड राहिला आणि उन्हानं वाळून टणक झाला.

"आई, देव मला विसरला गं!"

"विसरत नाही तो. धीर धर," वेल म्हणाली.

एके दिवशी धन्यानं त्याला तोडलं आणि भोक पाडून बियांसकट आतलं सगळं उकरून काढलं.

"आता माझ्यात उरलं काय?" भोपळा रडला.

धन्यानं भोक मेणानं बुजवलं, भोपळा आपल्या लेकीच्या, गोदीच्या पाठीला बांधला आणि तिला पोहायला विहिरीत उतरवलं.

"मेलो!" भोपळा ओरडला. पण तो बुडेना. गोदीही बुडेना. तरी ती भेदरून थरथरत होती.

भोपळा हळूच म्हणाला, "भिऊ नकोस, पोरी. ज्यानं मला रिकामं केलं, त्याला ही विहीर ठाऊक होती."