पालथा पेला

एकदा एका आईने एका पेल्याविषयी मनाने एक गोड गोष्ट रचली, आणि ती तिला फार महागात पडली.

सुवार्ता तिचे नाव. गोदाकाठच्या एका जुन्या गावात ती राहत होती. लग्नापूर्वी ती शाळेत शिकवीत असे. पुढे तिने आपली दोन्ही मुले, बारा वर्षांची एस्तेर आणि नऊ वर्षांचा शांतवन, शाळेतून काढली आणि घरीच शिकवायला घेतली. नातेवाइकांनी नाके मुरडली. पण बाई जिद्दीची होती. गणित आणि भाषा तिने मुलांकडून पक्की करून घेतली. इतिहास हा तर तिचा जीव की प्राण. इतिहासात देवाचा हात दिसला पाहिजे, असे ती म्हणे, आणि ते काही वाईट म्हणणे नव्हे. अडचण एवढीच, की देवाचा हात स्वच्छ दिसावा म्हणून ती माणसांचे हात आधीच धुऊन-पुसून ठेवी.

गावच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून तिने स्वतः एक वही लिहिली होती. चर्चची घंटा बैलगाडीतून कशी आली, दुष्काळात विहीर कशी खणली, सारे त्या वहीत होते. मुलांना ती तोंडपाठ होती.

त्या चर्चमध्ये एक वेगळीच रीत होती. प्रभुभोजनाच्या वेळी मेजावर दोन पितळी पेले ठेवीत. एका पेल्यात द्राक्षारस असे आणि त्यातूनच सगळी मंडळी पीत असे. दुसरा पेला शेजारी पालथा घातलेला असे. त्याला कोणी हात लावीत नसे.

शांतवनने एकदा विचारले, तो पालथा का? सुवार्ताला ते ठाऊक नव्हते. लहानपणी तिनेही हेच विचारले होते आणि मोठ्यांनी तिला गप्प बसवले होते. पण 'माहीत नाही' हे शब्द शिक्षकाच्या जिभेला फार जड जातात. मी शिक्षक होतो, म्हणून सांगतो. तिने सांगून टाकले, की तो पेला प्रभूसाठी राखून ठेवला आहे. प्रभू परत येईल तेव्हा तो सुलटा होईल. गोष्ट इतकी सुरेख जमली, की ती वहीतही गेली.

चर्चच्या वर्धापनदिनी एस्तेरने ते पान सर्वांसमोर मोठ्याने वाचले. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या रांगेतल्या राहेलबाई मात्र काठी टेकत उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. वय अडुसष्ट, आणि उपासना अर्धी टाकून त्यांना उठताना कधी कोणी पाहिले नव्हते. एस्तेर घाबरून त्यांच्या मागे गेली.

म्हातारी तिला म्हणाली, "पोरी, त्यो पेला प्रभूचा न्हाई. मानसांचा हाय. तुला कुनी तरी खोटं सांगितलंया."

एस्तेर रडली नाही. घरी येऊन तिने आईला विचारले, की हे तुला कोणी सांगितले होते. कोणी नाही, मला तसे वाटले, असे सुवार्ताने कबूल केले.

"मग बाकीचंही तुला वाटलंच का?" एस्तेर म्हणाली. "प्रभू उठला, त्याचं थडगं रिकामं होतं, तेसुद्धा?"

त्या दिवसापासून ती गणिते सोडवी, निबंध लिही. पण इतिहासाच्या आणि प्रार्थनेच्या वेळी खिडकीबाहेर पाहत बसे. मुलगी हातची जाते आहे, हे आईला दिसत होते. ज्या विश्वासासाठी मुलांना घरी शिकवायला घेतले, त्यालाच आपण आपल्या हाताने तडा पाडला, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

मंडळीचे निवृत्त पाळकबाबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. सुवार्ता त्यांच्याकडे गेली आणि मुलीची समजूत घालाल का, म्हणून विनवू लागली. बाबांनी सगळे ऐकून घेतले. मग ते चर्चमध्ये गेले, कपाटातून तो पेला काढला, तिच्या घरी आले आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर त्यांनी तो पालथा ठेवला.

"आठ दिवस वही बंद," ते म्हणाले. "मुलांनी या पेल्याविषयी फक्त प्रश्न विचारायचे. आणि पोरी, तू एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाहीस. 'माहीत नाही, चला विचारू,' एवढंच म्हणायचं."

सुवार्ता बुचकळ्यात पडली. ती औषध मागायला गेली होती आणि वैद्याने तिचेच तोंड बांधले होते.

पहिल्या दिवशी प्रश्न आले ते शांतवनचे. यात पाणी किती मावते? काठाला पोचा कशाने पडला? आई म्हणाली, माहीत नाही, चला विचारू. पाणी त्यांनी मोजून पाहिले. पेला घेऊन ते बाजारातल्या म्हाताऱ्या तांबटाकडे गेले. त्याने पेला फिरवून पाहिला आणि सांगितले, की हा त्याच्या आजाच्या हातचा. असे दोन एकाच वेळी घडवले होते, अगदी सारखे. तिसऱ्या दिवशी एस्तेर खिडकी सोडून टेबलापाशी आली आणि तिने कागदावर लिहिले : एक पुरत होता तर दोन कशाला? पाचव्या दिवशी तिने विचारले, राहेलआजींना ठाऊक असेल का?

सुवार्ताला त्यांच्यापुढे जायची लाज वाटत होती. तरी ती म्हणाली, "माहीत नाही. चला विचारू."

राहेलबाईंनी आधी चहा ठेवला आणि मग सांगितले. पूर्वी मंडळीत दोन आळ्यांची माणसे होती, वरच्या आणि खालच्या. ख्रिस्ती होण्याआधी वरच्या आळीचे लोक खालच्यांच्या हातचे पाणी पीत नसत. सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला, देव एक झाला. पण पेले दोनच राहिले. एक वरच्यांचा, एक खालच्यांचा. खालच्या आळीतली राहेल तेव्हा सात वर्षांची होती. ऐन उपासनेत उभी राहून तिने तरुण पाळकाला विचारले होते, की प्रभू आज आला तर तो कंच्या पेल्यातून पिईल? पाळकाने हातातला पेला खाली ठेवला. त्या दिवशी प्रभुभोजन झालेच नाही. पुढच्या वेळी त्याने एक पेला पालथा घातला. निम्मी वरची आळी उठून गेली. त्यांत सुवार्ताचे आजोबाही होते. ते तीन वर्षे चर्चची पायरी चढले नाहीत.

सुवार्ताने खाली पाहिले. एस्तेर मात्र पुढे सरकली. "पण आजी, पालथा कोणता घातला? तुमचा की आमचा?"

राहेलबाई पहिल्यांदाच हसल्या. "ज्यानं घातला त्यालाच इचार."

बाबा अंगणात उन्हाला बसले होते. एस्तेरचा प्रश्न ऐकून त्यांनी पेला हातात घेतला.

"हा वरच्या आळीचा," ते म्हणाले. "साठ वर्षं सगळी मंडळी खालच्या आळीच्या पेल्यातून पिते आहे. तू, तुझी आई, सगळे. मीही वरच्याच आळीचा, आणि राहेलनं विचारेपर्यंत दोन वर्षं मी दोन्ही पेले मुकाट्यानं फिरवले होते. हा फेकून द्या, असं मला पुष्कळांनी सांगितलं. फेकला असता तर तुम्ही कधी विचारलं नसतं. पण पुढं मीही भित्रा निघालो. पेला मांडत राहिलो, तोंडानं सांगितलं कधीच नाही. ती चूक माझी." मग ते सुवार्ताकडे वळले. "तुला इतिहासात देवाचा हात दाखवायचा आहे ना? मग माणसांचे हात धुऊन ठेवू नकोस. आपलं पाप खोडून टाकलंस, तर क्षमा कशाची झाली, म्हणून मुलांना सांगशील?"

घरी येऊन सुवार्ताने वही उघडली आणि त्या गोड गोष्टीवर एक रेघ मारली. खालचे शब्द वाचता येतील, अशी बारीक रेघ. त्याखाली तिने खरे काय ते लिहिले, आजोबांच्या नावासकट. मग राहेलबाईंकडे जाऊन ते पान तिने स्वतः वाचून दाखवले आणि त्यांची क्षमा मागितली. म्हातारीने दोन शब्द दुरुस्त करायला लावले.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला एस्तेर खिडकीपाशी गेली नाही. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण आता आवाजात टोचणी नव्हती. "आई, थडगं रिकामं होतं, हे तुला कसं माहीत?"

"मी पाहिलेलं नाही," सुवार्ता म्हणाली. "ज्यांनी पाहिलं, त्यांचं मी ऐकते. प्रभूला धरून नेलं तेव्हा ते स्वतःच त्याला टाकून पळाले होते, हेसुद्धा त्यांनी लपवलं नाही. म्हणून ऐकते."

एस्तेरने नवा कागद घेतला, त्यावर पुढचा प्रश्न लिहिला आणि तो आईपुढे सरकवला.