तुळसाक्काची चटई

फार फार वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं. गाव तालेवार, माणसं हुशार, आणि हुशार माणसांच्या गावात असतात तशी भांडणंही भरपूर. पण एका गोष्टीवर साऱ्यांचं एकमत होतं. जगात मतं दोनच असतात, एक निळ्या जाजमाचं आणि दुसरं तांबड्या जाजमाचं.

दरवर्षी सुगी संपली की चावडीपुढे सभा भरायची. एका अंगाला निळं जाजम अंथरलेलं असे, दुसऱ्या अंगाला तांबडं. निळ्यावर बसणारे म्हणत, "ज्याची कमाई त्याची, आणि रीत वाडवडिलांची." तांबड्यावर बसणारे म्हणत, "कमाई साऱ्या गावाची, आणि रीत ज्याची त्याची." ज्या जाजमावर माणसं जास्त, त्याचं सगळंच्या सगळं म्हणणं वर्षभर चाले. जो कुठल्याच जाजमावर बसला नाही, त्याला सभेत बोलायची मुभा नव्हती.

आता कमाईचा आणि रीतीचा एकमेकींशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. त्या गावात कोणी विचारलं नव्हतं. लहानपणी बापाच्या मांडीवर ज्या जाजमावर बसायचं, त्याच जाजमावर म्हातारं व्हायचं, अशी तिथली पद्धत.

याच गावात तुळसाक्का नावाची कासारीण राहत होती. नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हापासून बांगड्यांचं दुकान तिनेच सांभाळलं. काचेच्या भट्ट्या होत्या दूर डोंगरापल्याड. तिथून डोक्यावर पेटारे वाहून तिने एकेक बांगडी आणली होती आणि दुकान नावारूपाला आणलं होतं. सासरची माणसं निळ्यावर बसत, म्हणून तीही बसे.

मग तिचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. मागे राहिली सून मैना. मैनाच्या हाताला देवाचं देणं होतं. समोरचीचा हात ती असा हलकेच दाबी, की लहानातली लहान बांगडी काच न तडकता मनगटावर जाऊन बसे. पण विधवेच्या हातून बांगड्या भरून घेणं अशुभ, अशी वाडवडिलांची रीत. मैना माजघरात बसली आणि दुकान एकट्या तुळसाक्कावर आलं.

तेही किती दिवस चालणार? संधिवाताने तुळसाक्काची बोटं सुजली. तिच्या हातून बांगड्या तडकू लागल्या आणि गिऱ्हाईक शेजारगावच्या बाजाराला जाऊ लागलं. मैना दुकानात बसली तरच दुकान जगणार होतं.

सभेचा दिवस जवळ आला तशी तुळसाक्काची झोप उडाली. निळं जाजम जिंकलं तर दुकान तिचं राहील, पण मैना जन्मभर माजघरात. तांबडं जिंकलं तर मैना उजळ माथ्याने बाहेर पडेल, पण दुकान साऱ्या गावाचं होईल. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

सभेच्या सकाळी तिने घरातली चटई गुंडाळून काखेत मारली.

मैना घाबरली. "आत्याबाई, चटई कशाला? लोक हसतील."

"हसू देत. हसून कोणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत," तुळसाक्का म्हणाली आणि चालू लागली.

चावडीपुढे दोन्ही जाजमं भरली होती. तुळसाक्काने त्यांच्या मधोमध चटई पसरली आणि मांडी घालून बसली. मग जो हशा पिकला, तो पार वेशीपर्यंत ऐकू गेला.

"अक्का, हे काय?" पाटलांनी विचारलं. "जाजमावर जागा उरली नाही का?"

"जागा पुष्कळ आहे, पाटील. माझं मत तिथे मावत नाही."

निळ्या जाजमावरचे पुढारी होते धान्याचे व्यापारी. सगळे त्यांना शेटजी म्हणत. ते ओरडले, "हे दोन डगरींवर हात ठेवणं झालं!"

तांबड्यावरचे पुढारी वैद्यबुवा एरवी शेटजींच्या 'हो'ला 'हो' म्हणत नसत, पण आज म्हणाले. "अक्का तळ्यात-मळ्यात खेळतायत. पोरखेळ आहे हा."

तुळसाक्काची मान आणखी ताठ झाली. "तळ्यात-मळ्यात खेळणारा सारखा उड्या मारतो, वैद्यबुवा. मी आल्यापासून एकाच जागी बसलेय. माझ्या घामाचं दुकान माझंच राहावं, हे शेटजींचं म्हणणं मला पटतं. माझ्या सुनेने त्या दुकानात बसावं की नाही ते तिचं तिने ठरवावं, हे तुमचं पटतं. दोन्ही मतं मी कोणाकडून उसनी आणलेली नाहीत. ज्या डोक्यावर पेटारे वाहिले, त्याच डोक्याने विचार केलाय."

"पण जाजमावर बसल्याशिवाय बोलता येत नाही!" शेटजी म्हणाले.

"बोलून तर झालं," तुळसाक्का म्हणाली.

तेवढ्यात निळ्या जाजमावरून बिरूबा धनगर उठला. गावातला सगळ्यांत हेकट म्हातारा. तो सरळ चालत आला, खांद्यावरची घोंगडी झटकली आणि तुळसाक्काच्या शेजारी अंथरली.

"अक्का, तुझं मला एक बी पटत न्हाई," तो बसत म्हणाला. "चरायचं रान साऱ्या गावाचं असावं, अन् रीत बापजाद्यांची. पर मलाबी तिकडं जागा न्हवती. रीतीपायी निळ्यावर बसायचो, अन् दरसाल माझी मेंढरं उपाशी मरायची."

हसणं थांबलं. कोणी उपरणं अंथरलं, कोणी नुसत्या मातीवर बसलं. बघता बघता दोन्ही जाजमं विरळ झाली.

पाटील मिशीवरून हात फिरवत हे बघत होते. आता त्यांनाच हसू आलं. "खरं सांगू का? माझे आजोबा सांगायचे, जाजमं मुळात चार करायची होती. पण गावच्या रंगाऱ्याकडे रंग दोनच होते."

गावाने आपली अक्कल इतकी वर्षं रंगाऱ्याकडे गहाण टाकली होती, म्हणायची! पाटलांनी जाजमं गुंडाळायला लावली आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. होकार असेल त्याने विहिरीकडे जायचं, नकार असेल त्याने पिंपळाकडे.

कमाई ज्याची त्याची असावी का? गाव विहिरीकडे वळलं. वैद्यबुवा आणि बिरूबा, जन्मात पहिल्यांदा, शेजारी शेजारी पिंपळाखाली उभे राहिले आणि एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

सगळे परत येऊन बसल्यावर दुसरा प्रश्न. रीत ज्याची त्याने ठरवावी का? या वेळी कोणीच लवकर हललं नाही. मग शेटजींची बायको उठली. शेटजींकडे न बघता ती विहिरीकडे चालू लागली आणि तिच्यामागून बायकांची रांग लागली. शेटजी पिंपळाखाली गेले आणि तिथून बघतच राहिले. बिरूबाही पिंपळाखालीच होता. पण विहिरीकडची गर्दी मोठी होती.

दुसऱ्या दिवशी मैना दुकानात बसली. कोणी तिला अडवलं नाही, पण कोणी हातही पुढे केला नाही. सभेत पाय उचलणं वेगळं आणि विधवेपुढे मनगट धरणं वेगळं. दिवसांमागून दिवस गेले. मैना रोज बांगड्या पुसून परत मांडायची आणि तुळसाक्का आतून बघत राहायची.

एका सकाळी दारात बिरूबा उभा राहिला. पाठीमागे त्याची नात होती, लग्नाच्या हळदीला आलेली.

"मी सभेत इरोधात हुतो," तो मैनाला म्हणाला. "आज बी हाय. पर पोरगी म्हनती, चुडा भरीन तर हिच्याच हातचा. तिचं मत तिचं."

असं म्हणून तो पाठ फिरवून दारात बसला.

मैनाने नवरीचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्या एकामागून एक सरकत गेल्या. एकही तडकली नाही. चुडा भरून झाल्यावर, कासारणीला करतात तसा, नवरीने वाकून मैनाला नमस्कार केला. मैनाने हात तिच्या डोक्यावर ठेवला.

तुळसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान काही खाली गेली नाही. सुजल्या बोटांनी तिने ती चटई उचलली आणि सुनेच्या बैठकीखाली अंथरली.

यातून घ्यायचं ते एवढंच, की दुसऱ्याने बांधलेलं मतांचं गाठोडं आहे तसं डोक्यावर घेऊ नये. एकेक मत स्वतः पारखावं आणि पटलं ते ताठ मानेने सांगावं.