लाल झाकण, हिरवं झाकण

“मग आणखी किती वेळा समजावून सांगू, बुवा? लाल झाकण म्हणजे चोळायचं तेल, हिरवं झाकण म्हणजे प्यायचा काढा. पाच वर्षांच्या पोराला कळतं हे!”

बुवा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, “कळतं... पण दिसतं का?”

अच्युत येरझाऱ्या घालू लागला.

आमच्या मठाची औषधशाळा आहे. छोटीशीच, सात माणसांची. निरंजनबुवा आमचे गुरू. अच्युत त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नसे. दिवाळीनंतर बुवांनी सगळा कारभार त्याच्या हाती दिला.

पहिल्याच महिन्यात त्यानं बाटल्या बदलल्या. पूर्वी तेल चपट्या बाटलीत जायचं, काढा उंच बाटलीत. अच्युतनं सगळ्या एकाच मापाच्या आणल्या, तपकिरी काचेच्या. खोक्यात नीट बसतात म्हणे. फरक काय तो झाकणाचा.

लेबलं लावायचं काम लिंबाजीचं. बावीस वर्षं तो ते करतोय. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, दोन्ही वाळक्या पानासारखे दिसतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलंय. चपट्या आणि उंच बाटल्या होत्या तोवर हे कुणाला कळलंही नव्हतं. कळायचं कारणच पडलं नव्हतं.

आणि काल तेलाच्या चाळीस बाटल्यांवर ‘दोन चमचे पोटात घ्यावे’ असं चिकटलं.

“त्याला काढावंच लागेल,” अच्युत म्हणाला. “बाटल्या बाहेर गेल्या असत्या तर? कुणी म्हातारं माणूस गुडघ्याचं तेल प्यायलं असतं तर?”

“गेल्या का बाहेर?”

“नाही.”

“कुणी अडवल्या?”

अच्युतनं खोक्यातली एक बाटली उगाच सरळ केली.

“मी विचारतोय, कुणी अडवल्या?”

“त्यानंच. एका बाटलीचं तेल बोटाला लागलं, तेव्हा येऊन सांगितलं.”

मी चुलीवरच्या काहिलीत काढा ढवळत होतो. माझा हात थांबला. आपली चूक स्वतः येऊन सांगणाऱ्याला घरी पाठवायचं, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मला अच्युतचा संताप आला, आणि तो मी लपवलाही नाही. झारा काहिलीच्या काठावर चांगला आपटला. लिंबाजीला अठ्ठावन्न पुरी झाली. या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं?

लिंबाजी दारातच उभा होता. टोपी हातात, नजर खाली.

बुवांनी त्याला विचारलं, “लिंबाजी, तू याला काही बोलला होतास?”

“बोललो व्हतो, बुवा. तेलाच्या बाटलीच्या गळ्याला दोरा बांधू द्या म्हनलं. माझा मीच बांधतो, दोरा बी घरनं आनतो. तीन येळा म्हनलं.”

“मग?”

“दादा म्हनले, बाटली बेंगरूळ दिसती.”

“आणि डॉक्टरांचा कागद?”

“दावला. दादा म्हनले, कागद बघून काम व्हत न्हाई.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“दिसण्याचा प्रश्न नाही, बुवा!” अच्युतचा आवाज चढला. “आज याला दोरा दिला की उद्या दुसरा कुणी स्टूल मागेल, परवा तिसरा आणखी काही. नियम सगळ्यांना सारखा हवा. एका माणसासाठी सगळं बदलायचं का?”

“तू सगळं बदललंस, ते किती माणसांसाठी होतं?”

“ते... सोयीसाठी होतं.”

“कुणाच्या?”

अच्युत पुन्हा चालू लागला. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. बाप शोभेल अशा माणसासमोरून तो जात होता, पण त्याच्याकडे एकदाही बघत नव्हता.

“अरे, बस की एका जागी!” बुवा ओरडले.

बुवांना ओरडताना मी फार वेळा ऐकलेलं नाही. अच्युत मुकाट्यानं पाटावर बसला.

बुवा उठले. कोपऱ्यातली रिकामी कढई उपडी केली. तिच्या बुडाची काजळी खरवडली, थोड्या तेलात कालवली, आणि खोक्यातून तेलाच्या पाच, काढ्याच्या पाच अशा दहा बिनलेबलाच्या बाटल्या काढल्या. एकेका झाकणाला काजळी फासली. धोतरावर डाग पडले, तिकडे लक्षही दिलं नाही. मग बाटल्या फिरवल्या, पुढच्या मागे आणि मागच्या पुढे.

दहाही झाकणं काळीकुट्ट. लेबलांचा गठ्ठा त्यांनी अच्युतपुढे टाकला.

“लाव.”

“कशी लावू?”

“समजावून सांगायला हवं का? लाल म्हणजे तेल, हिरवं म्हणजे काढा. लाव.”

अच्युतनं एक बाटली उचलली. उजेडाकडे धरली. कानाशी हलवून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतून कसला आवाज येणार? मग झाकणाचा वास घेतला. वास काजळीचा आला आणि नाकाचा शेंडा काळा झाला.

“झाकण पुसू का?”

“लिंबाजीला पुसता येतं?”

“मग उघडून बघतो.”

“बंद केलेली बाटली पुन्हा उघडायची नाही. नियम तुझाच आहे ना?”

अच्युतनं दुसरी बाटली उचलली... ठेवली. तिसरी उचलली. तीही ठेवली.

“हा काय न्याय झाला, बुवा?” तो शेवटी कळवळून म्हणाला. “मला ओळखता येईल असं तुम्ही काही ठेवलंच नाहीत! यात माझा काय दोष? कुणालाही ओळखता आलं नसतं. निदान एखादी खूण तरी ठेवायची होती. हाताला लागेल अशी... गळ्याला एखादा...”

तो थांबला.

“एखादा काय?”

अच्युतनं लेबलांचा गठ्ठा बाजूला सारला. त्याचे कान लालबुंद झाले होते. ते मला दिसलं, लिंबाजीला दिसलं नसावं.

काहिलीतला काढा वर यायला लागला, तरी मी झारा हलवला नाही.

बुवांनी काळे हात धोतराला पुसले आणि दाराकडे वळले.

“लिंबाजी, आत ये. बस इथं. आमच्या कारभाऱ्याला दहातली एकही बाटली ओळखता आली नाही. आता तूच सांग... याला ठेवायचं, का घरी पाठवायचं?”