पिसारे आहेत, मोर नाहीत

पिंपळखोऱ्यातल्या जननीदेवीच्या धर्मशाळेत शिरलं की माणूस आधी वर पाहतो. एवढं रुंद दालन, पण मधे एकही खांब नाही. माळ्याचा सगळा भार पेलणाऱ्या सागवानी तुळईवर मोरपिसारे कोरलेत. मोर मात्र एकही दिसत नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा भिकाजी गुरव उसासा टाकतात. "तसले साग राहिले नाहीत, तसले हातही," म्हणतात, आणि सांगू लागतात.

पूर्वी इथं मधोमध खांब होता म्हणे. देवीकडच्या बाजूला मानकरी जेवत, दाराकडे बलुतेदार. तूप खांबापर्यंतच यायचं. येसाजी सुताराचं बाळपण दाराकडे, कोरड्या भातावर गेलं. मग पटकीचं साल आलं. मानकऱ्यांच्या तोंडात पाणी घालायला उरले ते दाराकडचेच. साथ ओसरली, तसा गावानं देवीला शब्द दिला: यापुढं पंगत एक, मधे खांब नाही.

येसाजीनं रान धुंडाळून लांब, सरळ साग निवडला. पावसाळाभर तुळईच्या रुंद अंगावर मोर कोरले आणि ते खालून दिसावेत म्हणून ती पालथी निजवली. तिथंच चुकलं. माळ्यावर गावाचं धान्य चढताच तुळई मधे वाकली.

"घाला खांब पुन्हा," मानाजी पाटील हसले. "देवी काय, घेईल समजून!"

"देवी घेईल. मी नाही घेणार."

तुळई अरुंद धारेवर उभी केली तर भार पेलेल, हे येसाजीला आधीपासून ठाऊक होतं. मोरांच्या मोहानं त्यानं डोळेझाक केली होती. आता उभी करायची, तर माळ्याची आडवी लाकडं, कड्या, तिच्या कुशीत खोबणी पाडून बसवाव्या लागणार, आणि खोबणीच्या जागी नेमकी मोरांची अंगं येत होती; वाचणार ते पिसारेच.

"दुसऱ्या कुणाला सांगा," बायको सगुणा म्हणाली. "तुमच्यानं नाही व्हायचं."

"दुसऱ्याचा हात लागू देईन होय त्यांना?"

एकेका मोरावरून हात फिरवून मगच त्यानं पटाशी मारली, असं सांगतात. धान्य पुन्हा चढलं. तुळई हलली नाही. त्या दिवशी तूप शेवटच्या पानापर्यंत आलं. येसाजी भात कालवायचा विसरून वरच पाहत बसला.

आजही इथं दारातून येईल तसं माणूस पानावर बसतो. कुणी मानाची जागा मागितलीच, तर एखादी म्हातारी सुनावते, "ओसरीवर जा बाबा. तिथं टेकायला खांब आहेत!"