सात दिवसांचे ताक

“शोध म्हणे! आमची आत्या नदीवरून घागर आणताना पाण्यावर पळसाचं पान टाकायची. तिला कुणी पेटंट दिलं होतं का?”

एकदा एक शिष्य आपल्या गुरूसमोर असा तावातावाने बोलत होता, आणि गुरू खाली मान घालून शेंगा सोलत होती. गुरू म्हणजे सत्तरी ओलांडलेली एक बाई. कॉलेजची पायरी तिने कधी चढली नव्हती. यंत्रांचे नकाशे वाचायला ती कारखान्यातल्या रद्दीवरून शिकली. पण एखादी युक्ती पेटंट मागण्याजोगी आहे, की कुणालाही सहज सुचेल इतकी उघड आहे, हे पारखून घ्यायला लांबलांबचे कारखानदार तिच्याकडे येत आणि तिच्या जिभेला भीतही. शिष्य मात्र रीतसर पदवी घेतलेला, तीन वर्षे यांत्रिक हात बनवणाऱ्या कारखान्यात राबलेला.

दोघांच्या मध्ये एक माणूस हातातली टोपी गोल गोल फिरवत उभा होता. त्याची ओतकामाची छोटी भट्टी होती. वितळलेले ॲल्युमिनियम पळीत घेऊन साच्यात ओतण्याचे काम तिथे एक यांत्रिक हात करी. हात झपाट्याने वळला की धातू हिंदकळे. गेल्या वर्षी त्यातला एक शिंतोडा त्याच्या धाकट्या भावाच्या पावलावर पडला, आणि तो भाऊ अजून लंगडत चालतो. तेव्हापासून हा माणूस एकाच विचाराने झपाटला होता. शेवटी त्याने भाजक्या मातीची एक हलकी चकती केली. ती पळीतल्या धातूवर तरंगे, तीन सैल कड्यांनी पळीलाच अडकलेली असे. आता हात कितीही वेगाने वळो, धातू जागचा हलत नसे.

उद्या सकाळी ते यंत्र प्रदर्शनात मांडायचे होते. अर्जाआधी चारचौघांनी पाहिले की हक्क गेल्यात जमा. मग कुणीही मोठा कारखानदार चकती उचलणार आणि आपल्या नावाने मिरवणार. अर्ज करायचा तर आजच. आणि बाईने ‘नाही’ म्हटले तर करायचाच नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते.

“बाई, ऐकताय ना माझं?” शिष्य म्हणाला.

“ऐकतेय. शेंगा मी हातांनी सोलते, कानांनी नाही.”

“मग सांगा! हात जुना, पळी जुनी, तरंगणारी चकती तर आत्याच्या काळची. जुन्या तीन वस्तू एकत्र बांधल्या की शोध होतो? मागच्या महिन्यात त्या व्यापाऱ्याला तुम्हीच हाकललंत. यांत्रिक हाताला चाकं लावून आला होता बिचारा.”

“हाकललं. त्याला हात इकडून तिकडे न्यायचा होता, म्हणून त्यानं चाकं लावली. न्यायचं म्हटलं की चाक शेंबड्या पोरालाही आठवतं.”

“मग हे तरी काय वेगळं आहे? चकती पाहिली आणि त्याच क्षणी मला कळलं, ह्यात काही नाही!”

“कधी पाहिलीस?”

“आत्ता. दुपारी तुम्ही ह्यांची फाईल माझ्या हातात ठेवलीत तेव्हा.”

“हं,” म्हणून बाईने आणखी एक शेंग फोडली.

भट्टीवाला चाचरत म्हणाला, “साहेब, आमच्याकडं दोन इंजिनिअर येऊन गेले. एकानं हाताचा वेग कमी करा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पळी खोल करून दिली. सांडायचं थांबलं नाही.”

“त्यांना आत्या नसेल,” शिष्य फटकन बोलला.

माणसाची टोपी फिरायची थांबली. आपण जास्त बोललो हे शिष्याला कळले. पण रागाचे एक असते, तो चुकीची जाणीव झाली की ओसरत नाही, उलट चढतो. त्याने घड्याळाकडे पाहिले. चार वाजून गेले होते.

“पुरे आता,” बाई म्हणाली. “घसा कोरडा पडला असेल. जा, ताक आण.”

शिष्याच्या कपाळाची शीर उडाली. ह्या ताकाचे खूळ गेले सात दिवस चालू होते. स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत काठोकाठ भरलेले पसरट पातेले आणायचे, तेही झपझप, बाई पाच आकडे मोजायच्या आत. थेंब सांडायचा नाही. वर झाकण घट्ट बसवायचे नाही, कारण आणल्याबरोबर ओतायचे. पहिल्या दिवशी त्याने पावले आखडती घेतली. दुसऱ्या दिवशी जड बुडाचे पातेले घेतले. मग पातेल्याच्या कानांना फडके गुंडाळले, मग पातेले छातीशी धरले, मग गुडघे वाकवून बदकासारखा चालला. रोज ताक सांडले, रोज त्यानेच फरशी पुसली, आणि म्हातारपणी माणसाला असले चाळे सुचतात अशी मनाची समजूत घातली.

आज मात्र तो ताडताड आत गेला. कोपऱ्यात केळीच्या पानाचा फाळका होता. त्याने त्यातून पातेल्याच्या मापाचा गोल तुकडा फाडला, ताकावर अलगद सोडला, आणि तीन आकड्यांत बैठकीत येऊन पातेले बाईपुढे ठेवले. फरशी कोरडी ठाक.

“हे बघा!” तो विजयाने म्हणाला. “एवढं सोपं! ह्याला शोध म्हणायचं?”

बाईने पहिल्यांदाच मान वर केली. “छान. मग काल का नाही ठेवलंस पान?”

शिष्य ताकावरच्या पानाकडे बघू लागला.

“परवा? तेरवा? ताक होतं, पान होतं, पाय तुझेच. आत्याही तुझीच, माझी नव्हे. आणि यांत्रिक हात तर तू तीन वर्षं जोडलेस. सगळं तुझ्या डोक्यात शेजारीशेजारी पडलेलं, तरी सात दिवस फडकं घेऊन फरशीवर बसलास.”

“मला... सुचलं नाही.”

“तेच तर तपासायचं होतं,” बाईचा आवाज आता खाली आला. “युक्ती उघड आहे का, हा प्रश्न ती ठाऊक नसलेल्या माणसाला विचारायचा असतो. एकदा ठाऊक झाली की प्रत्येक जण म्हणतो, ह्यात काय. मीही म्हटलं. हा माणूस आठ दिवसांपूर्वी फाईल घेऊन आला, मी ती वाचली, आणि माझ्याही तोंडून पहिला शब्द हाच निघाला. मग स्वतःचीच लाज वाटली. माझं डोकं त्या कामाला बाद झालं होतं. तुझं कोरं होतं, म्हणून फाईल दडवली आणि तुला ताकाला पाठवलं.”

तिने केळीचे पान बाजूला सारून पेल्यात ताक ओतले, पहिला पेला भट्टीवाल्याच्या हातात दिला आणि कोरे कागद शिष्यापुढे सरकवले. “लिही अर्ज. पाचाला कचेरी बंद होते, त्याच्या आत झाला पाहिजे.”

शिष्याने पेन उघडले. चार ओळी लिहिल्या आणि थांबला. हार मानणे त्याच्या रक्तात नव्हते. “पण बाई, आत्यानं पान टाकलं होतं हे खोटं का? तिचं काय मग?”

“तिची घागर तिचीच राहील, तिच्या पानावर कुणी हक्क सांगत नाही, पण उत्तर वाचल्यावर आठवलेली आत्या साक्षीला चालत नाही.”