मोजायला आलेली

"…तर तुझ्या त्या यंत्रात आम्ही किती जणी आहोत म्हणालीस?"

"एक," ऋजुता म्हणाली.

ओसरीवर हशा पिकला. मठातल्या अकराच्या अकरा बायका तिथंच होत्या. कुणी अंबाडी निवडत होती, कुणी वाती वळत होती, एक जण तूर पाखडत होती.

लहानाक्का तेवढ्या हसल्या नाहीत. नावाच्याच लहान, वयानं आणि मानानं त्या मठात सगळ्यांत मोठ्या.

"एक म्हणजे कोणती गं? मी, का ही जाडी रमादासी?"

"थट्टा नको, आक्का. मी कामानं आले आहे."

ऋजुता खडककर काही परकी नव्हती. बाप पैलतीरावरच्या शाळेत मास्तर होता, तेव्हा याच ओसरीवर आक्कांनी तिच्याकडून पाढे घोकून घेतले होते. आता ती सांख्यिकी खात्यातली मोठी साहेबीण झाली होती. सबंध देशातल्या माणसांची एक नोंदणी तिला उभी करायची होती, आणि तीही कुणाच्या दारात पाऊल न टाकता. रेशन, शाळा, दवाखाना, मतदान, वीज… माणूस जिथं जिथं नाव सांगतो तिथली नोंद उचलायची, एकाच्या सगळ्या नोंदी एकत्र बांधायच्या, आणि त्यातून एक माणूस उभा करायचा. पहिली चाचणी तिनं मुद्दाम आपल्याच तालुक्यात घेतली होती.

आणि नेमका तिचा मठच चाचणीत आपटला.

कारण मठाची रीत. दीक्षा घेताना बाईनं आईबापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळं नदीत सोडून यायचं. पुढं कागदावर आईच्या जागी मठ स्थापणाऱ्या बाईंचं नाव, आणि जन्मतारीख म्हणून मठाच्या स्थापनेचा दिवस. पंचविशीतल्या पोरीपुढंही वय ब्याऐंशी लिहून लिहून दवाखान्यातली नर्स थकली होती. नावं तरी किती वेगळी? रामदासी, रमादासी, श्यामादासी. नावात एखाद्या अक्षराचा फरक असेल तर यंत्र ती कारकुनाची चूक धरतं. त्यानं आई बघितली, तारीख बघितली, पत्ता बघितला, आणि अकरा बायकांची एक बाई करून टाकली.

"एका बाईसाठी नर्स नदी ओलांडून यायची नाही," ऋजुता म्हणाली. "ते तुम्हालाही नको आहे. म्हणून म्हणते, प्रत्येकीचं जुनं नाव सांगा. जुनी नोंद नव्या नोंदीला जोडली की अकरा जणी सुट्या होतील."

"जुनी नावं मेली."

"मेली कुठं? गावोगावच्या रेशनवर ती अजून धान्य उचलताहेत."

"उचलू देत."

"आक्का, तुम्ही सांगितली नाहीत तरी मी काढू शकते." तिचा आवाज चढला. शेफारलेल्या पोरीचाच आवाज तो. पाढा न अडखळता म्हटला की असाच चढायचा. "एक तर काढलीसुद्धा. गेल्या वर्षी इथून एकीला तापात जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं ना? ग्लानीत तिनं जुनं नाव सांगितलं, आणि नेणाऱ्यांनी पत्ता दिला मठाचा. नाव आणि पत्ता एका ओळीत! तेवढं पुरे झालं मला."

"काय नाव होतं?"

"सत्यभामा उद्धव गिराम."

तूर पाखडणारं सूप थांबलं.

…

बाकीच्या दहा जणींपैकी एकीनंही त्या सुपाकडं मान वळवली नाही. सगळ्या आपापल्या हातातल्या कामाकडं बघत राहिल्या.

आणि ऋजुता? "सापडली!" असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

लहानाक्का उठल्या. त्या बाईच्या हातातलं सूप त्यांनी घेतलं आणि तिच्या शेजारी बसून स्वतः पाखडायला लागल्या.

ती बाई चाळिशीची असेल. मान ताठ. म्हणाली, "साहेब, त्या बाईचं तेरावं झालं. दीक्षेच्या दिवशी मीच रांधलं आणि मीच जेवले. अजून काय पाहिजे?"

"तुम्ही घाबरू नका, ताई. हे फक्त आकड्यांसाठी आहे. कुणाला कळणार नाही."

"कुणालाच?" आक्कांनी विचारलं.

"कुणालाच. म्हणजे… चूक सापडली की फक्त त्या मूळ कचेरीला तेवढी कळते."

"कशी?"

आता हे ऋजुताचं लाडकं लेकरू होतं. त्याचं नावही तिनंच ठेवलं होतं: परतीची वाट. इतर देशांत म्हणे नोंदी कचेऱ्यांतून नुसत्या गोळा होतात. तिच्या आराखड्यात दुरुस्ती परत जायची. जी बाई गावात नाही, तिचं नाव रेशन कचेरीला आपोआप कळायचं, सध्याच्या पत्त्यासकट. कचेरी दुकानदाराला कळवायची. त्या एका कल्पनेवर वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली होती.

तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज बसत गेला.

"आमच्या गावचं रेशन दुकान माझ्या दिराचं आहे," ती बाई म्हणाली. "त्यानं आणि त्याच्या भावानं मला विहिरीत ढकललं होतं. मोटेच्या दगडाला धरून वर आले ती इथं आले. त्यांच्या लेखी मी कुठंतरी पळून गेले… कुठं, ते त्यांना अजून माहीत नाही."



"तुझी ती दुरुस्ती तिथं कधी जाणार?" आक्कांनी विचारलं.

"सोमवारी."

"थांबव."

"आक्का, असं एकदम… हजारो खोटी नावं आहेत. गरिबांच्या तोंडचं धान्य चोरतात लोक. ती वाट काढली तर चोर मोकळे सुटतील!"

"चोर धरायचे तर पोलीस पाठव. तू काय म्हणून आत आलीस?"

"…मोजायला."

"मोजायला म्हणून चपला काढल्यास. मोजायला म्हणून आमचं पाणी प्यायलीस. आणि जाताना आमच्यातली एक हाताला धरून दिराच्या दारात उभी करतेस? आणि वर म्हणतेस, कुणाला कळणार नाही?"

ऋजुता उठली आणि अंगणात गेली. नदीकडच्या कडुनिंबाखाली तेवढी मोबाइलला रेंज यायची. तिथून तिनं वरिष्ठांना फोन लावला. बोलणं ओसरीवर स्वच्छ ऐकू येत होतं, आणि न ऐकल्याचा आव कुणी आणला नाही.

"हर्षे साहेब, परतीची वाट बंद करायला हवी… हो, सगळ्या तालुक्यात… नाही, बिघाड नाही. चालते आहे म्हणूनच."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला.

"एक नाव वगळायचं म्हणता?"

ती थांबली. सोपं होतं ते. एक नाव वगळलं की ही बाई वाचत होती, आराखडाही वाचत होता, बढतीही. आक्कांनाही फार बोलता आलं नसतं.

तिनं वळून ओसरीकडं पाहिलं.

"नाही साहेब. हिचं सूप थांबलेलं मला दिसलं. बाकी कुणाकुणाची थांबतील ती मला दिसणार नाहीत… नाही, वेड लागलेलं नाही मला."

पुन्हा आवाज.

"मग काढून टाका मला. पण आज तरी आराखड्यावर सही माझी आहे, आणि माझ्या सहीनं ती वाट आज बंद होते. पुन्हा उघडायची असेल तर तुमच्या सहीनं उघडा. लेखी. आणि मठातल्या अकरा बायका अकराच धरा. यंत्राला काही वाटो, मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मठ, वसतिगृहं, आश्रम… तिथं यंत्रानं हिशेब करायचा नाही, माणूस जाऊन मोजेल."

फोन कुणी आधी ठेवला ते कळलं नाही.

ती परत आली तेव्हा पदर खोचलेला होता.

"आता कुणी यायचं नाही, ताई."

"आलं तरी मी इथंच आहे," ती बाई म्हणाली. "मी लपायला नव्हते आले."

रमादासीनं तांब्या पुढं केला. ऋजुता घटाघट पाणी प्यायली आणि पायरीवर बसली. पोरवयात चुकलेला पाढा घेऊन बसायची, तशी.

"वरचे लोक विचारतील, आक्का. सगळ्या देशाची नावं गोळा करायची, एकेकाची गाठ बांधायची, एवढा खटाटोप… आणि कोण कुठं आहे ते कुणालाच सांगायचं नाही. मग माझं काम तरी काय राहिलं?"

आक्कांनी सुपाला एक झटका दिला. फोलपटं अंगणात उडाली.

"किती, ते ओरडून सांग. कोण, ते गिळ."